आधी शेपूट, मग झाड

"ताई, आधी शेपूट बघायचं, मगच पाय उचलायचा." गंगापूर रोडला वडाच्या फांद्या छाटायला आलेल्या पोराने दोराचं सुटं टोक दाखवलं.

ब्लेक हिच, म्हणजे दोराने झाडावर चढताना वापरतात ती सरकती गाठ. ताणलेल्या दोराभोवती चार वेढे वर चढवायचे, टोक खाली आणून दोरामागून खालच्या दोन वेढ्यांत ओवायचं. वजन पडलं की आवळते, वरून मुठीने दाबलं की सरकते. शेपटाला मात्र वेगळी गाठ हवीच, नाहीतर ते हळूहळू आत सरकून सगळंच सुटतं.

तेवढ्यात गेटवरचे काका, "अरे, नारळवाले बिनदोराचे चढतात!"

पोरगा हसला. गाठ पुन्हा ओढून बघितली. जमिनीपासून हातभर वर लटकून, पूर्ण वजन टाकून. घाई नाही.

माणूस बोलावताना आपण दर सोडून काही विचारतो का हो?