देश ठरवण्याआधी मामाच्या घराचा उतारा

माझा मामेभाऊ मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "ताई, अमेरिका, आयर्लंड की जर्मनी? तू एकच सांग." मी म्हटलं, देशाचं नंतर बोलू, आधी मामाला फोन दे. मामाला एकच विचारलं: बँक तारण म्हणून काय मागते आहे?

मामाची तासगावकडे तीन एकर द्राक्षबाग आहे. बेदाण्याचा सौदा बरा गेला की वर्ष बरं जातं. पण शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत. त्यांना एनए प्लॉट, फ्लॅट किंवा घर लागतं. मामाकडे तसं एकच आहे, सांगलीतलं राहतं घर. म्हणजे माझ्या भावाने कोणताही देश निवडला तरी कागद त्या घराचेच जाणार. त्यामुळे माझ्या मते पहिला प्रश्न असा: शिक्षण संपल्यावर वर्षभर नोकरी लागली नाही तर त्या घराचं काय होईल? रँकिंग, हवामान, भारतीय किराणा कुठे मिळतो, हे सगळं त्यानंतर.

अमेरिकेचा हिशोब आम्ही व्हिडिओ कॉलवर वहीत मांडला. त्याच्या यादीतल्या विद्यापीठांची फी आणि राहणं धरून 45 लाखांचं कर्ज लागत होतं. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण 61 हजार होतो. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता जड नाही. पण तो भारतात परतला आणि पुण्यात सुरुवातीच्या पगारावर लागला, तर अख्खा पगार देऊनही हप्ता भरणार नाही. डॉलरचा पगार किती दिवस टिकेल हे त्याच्या हुशारीवर ठरत नाही. स्टेम विषय (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर ओपीटीचे, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, 12 आणि वाढीव 24 महिने, अशी तीन वर्षं मिळतात. पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला 85,000 जागा आणि त्यासाठी अर्जांची निवड. त्यात सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क लावलं आहे. तिथे शिकलेल्याला आतूनच व्हिसा बदलता आला तर ते लागत नाही, पण एकदा परत यावं लागलं तर कंपनी ते कशाला भरेल?

अमेरिकेत जाऊ नका असं मी म्हणत नाही. पीएचडीला पूर्ण फंडिंग मिळत असेल तर डोळे मिटून जा, तिथल्यासारख्या प्रयोगशाळा फार थोड्या ठिकाणी आहेत. घरचे पैसे सुटे असतील तरीही जा. एकुलत्या एका घरावर मास्टर्सला जाणाऱ्याबद्दल मी बोलते आहे.

ब्रिटनवर फार वेळ गेला नाही. एका वर्षाची पदवी स्वस्त वाटते, पण विमानातून उतरल्यापासूनच नोकरी शोधायला लागते. शिवाय पदवीनंतर राहायला मिळणारी दोन वर्षं 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षावर आणली आहेत. माझा भाऊ 2026 च्या सप्टेंबरमध्ये गेला तर तो दीड वर्षातच येतो. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते: निघता त्या दिवशीचा नियम तुमच्या कामाचा नाही, शिकून बाहेर पडाल त्या दिवशीचा लागेल. कॅनडाचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी 2024 मध्ये राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम 10,000 कॅनेडियन डॉलरवरून थेट 20,635 वर गेली, विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि 8 नोव्हेंबर 2024 ला लवकर व्हिसा देणारी एसडीएसची वाटही बंद झाली. त्या वर्षी सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी मुलांनी कॅनडासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन ठेवली होती.

आता जर्मनी. मी 2018 मध्ये केमनित्सला आले, तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, 8,640 युरो ठेवायचे होते. आता 11,904 लागतात. युरो शंभर रुपयांच्या वर गेल्यामुळे ते बारा लाखांपलीकडे जातात. मामा हा आकडा ऐकून गप्प झाला. त्याला समजावलं की ही फी नव्हे. पैसे मुलाच्याच नावावर राहतात आणि दरमहा 992 युरो त्यालाच खर्चायला मिळतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, सेमिस्टरची वर्गणी तेवढी असते. पण इथेही नियम हलतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपाबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024-25 पासून फी सुरू केली, मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000. म्हणून त्याच्या यादीत मी केमनित्स, माग्डेबुर्ग, फ्रायबेर्ग अशी नावं घातली. आपल्याकडे लग्नात सांगितली तर कुणाला ओळखू येणार नाहीत, पण खोलीभाडं परवडतं आणि यंत्रांवर हात बसतो.

इथे कन्सल्टंटबद्दल बोललंच पाहिजे. परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात, हा त्या धंद्याचा उघड भाग आहे. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत. त्यामुळे भावाने "जर्मनी" म्हटल्यावर एका कन्सल्टंटने त्याच्यापुढे ठेवली ती सगळी खासगी विद्यापीठं होती, वर्षाला लाखो रुपये फीची. वर्गात सगळी परदेशी मुलं आणि शिकवणं इंग्रजीतून. सरकारी विद्यापीठाचं नाव त्या कागदावर एकही नव्हतं. अर्ज स्वतः करता येतो. एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं, 18,000 रुपये, भारतीय मुलांना नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं), मग यूनी-असिस्ट (अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणारी संस्था) किंवा थेट विद्यापीठाचं पोर्टल. कंटाळवाणं काम आहे, अवघड नाही.

जर्मनीत रुपये कमी लागतात, पण त्याची भरपाई भाषेने करावी लागते, आणि ती पूर्ण करावी लागते. "कोर्स इंग्रजीत आहे" या वाक्यावर विसंबून येणाऱ्या मुलांची मला फार काळजी वाटते. कोर्स इंग्रजीत असेल, शॉप फ्लोअर जर्मनच असतो. मी वेर्कश्टुडेंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम करत, एका कंपनीच्या गिअर ग्राइंडिंगच्या विभागात होते, तिथला फोरमन अस्सल साक्सन बोलीत बोलायचा. तो काय म्हणाला हे मला कळायचं म्हणून प्रबंधाचा विषय मला मिळाला. माझ्यापेक्षा चांगले मार्क असलेली दोन मुलं जर्मनच्या ए-टू पातळीवर थांबली होती, त्यांना मुलाखतीच आल्या नाहीत. आणि सध्या इथे मंदी आहे हेही लपवणार नाही. फोक्सवागनने डिसेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत 35,000 हून जास्त पदं कमी करण्याचा करार केला. मोठ्या कंपन्यांची दारं अरुंद होतात तेव्हा उरतात त्या लहान गावांतल्या दीडशे-दोनशे माणसांच्या कंपन्या, आणि तिथे इंग्रजीवर काम भागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. अनेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालात तर तो अभ्यासक्रमच संपतो, एटीकेटी नाही.

एवढं असूनही मी भावासाठी जर्मनीच्या बाजूने बोलले. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, त्यात एच-वन-बीसारखी अर्जांची निवड नाही. इथल्या पदवीनंतर दोन वर्षं पात्रतेची नोकरी आणि जर्मनची बी-वन (ए-टूच्या पुढची पातळी) असेल तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. आणि सगळं फसून तो परत आला, तर डोक्यावर बारा-पंधरा लाख असतील, पंचेचाळीस नव्हे. दोन चांगल्या हंगामांत बाग तेवढं फेडू शकते.

पैशाच्या अटी मोठ्या माणसांनाही चुकल्या नाहीत. बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. 1917 मध्ये तिची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा निघाले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे उसने घेऊन. आज समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, सारथीची आहे. पात्र असाल तर त्यांच्या अटी देश ठरवायच्या आधी वाचा, कारण कोणतं विद्यापीठ चालेल ते त्या अटींत लिहिलेलं असतं.

भाऊ आता पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकतो आहे. आयर्लंड त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही, आणि मी ते काढायला लावणार नाही. डब्लिनचं भाडं वहीत लिही आणि मामासमोर बसून बेरीज कर, एवढंच सांगितलं आहे. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे एकरकमी जूनपर्यंत लागतील. बेदाण्याचे पैसे तोवर हातात आलेले असतात, उरलेल्यापुरतंच कर्ज काढायचं असं मामाने ठरवलं आहे. मामीची अट एकच आहे, बी-वन पास झाल्याशिवाय घराचे कागद बँकेत जाणार नाहीत. मी तिच्या बाजूने आहे.