अकरा वर्षांनी गणित परत हातात घेतलं, अर्धं ऑनलाइन अर्धं वर्गात – माझा अनुभव

शाळा संपली तेव्हा गणिताचं पुस्तक मिटलं ते थेट अकरा वर्षांनी उघडलं. अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण करायची होती आणि त्यासाठी कॉलेजचं बीजगणित पास होणं भागच होतं, आणि मला तर छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज करतानाही थांबून विचार करावा लागायचा. कुणीतरी सांगितलं की आता सपोर्टवाला हायब्रिड कोर्स असतो, म्हणजे अर्धा ऑनलाइन अर्धा वर्गात आणि सोबत मदतीचा जादा तास, तोच घे. घेतला. तो नक्की कसा चालतो हे आधी कळलं असतं तर पहिला महिना खूप सोपा गेला असता म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात प्लेसमेंट टेस्टने, म्हणजे आपल्याला आधीचं किती येतं ते बघणाऱ्या चाचणीने. घरूनच द्यायची. यात प्रश्न सगळ्यांना सारखे नसतात, तुमचं उत्तर बघून पुढचा प्रश्न ठरतो. मला वाटलेलं की शेवटी एक आकडा येणार आणि मी कुठल्या लायकीची आहे ते ठरणार, पण आला एक गोल तक्ता, त्यात कुठले टॉपिक येतात, कुठले अजून यायचेत आणि कुठले आत्ता शिकायला मी तयार आहे ते दाखवलेलं. आमच्या सॉफ्टवेअरमागची ही कल्पना द्वान्यों आणि फालमान्य या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलेली, की विद्यार्थ्याला किती मार्क पडले यापेक्षा त्याला नेमकं काय येतं आणि त्याला लागून पुढे काय येऊ शकेल ते शोधायचं. माझ्या तक्त्यात भूमितीचा भाग बराच भरलेला होता, बीजगणिताचा जवळजवळ रिकामा. वाईट वाटलं, पण निदान कुठे रिकामं आहे ते तरी कळलं.

पूर्वी माझ्यासारख्यांना आधी एक-दोन सेमिस्टर फक्त पायाचं गणित करायला लावायचे, त्याचं क्रेडिट पण नाही, आणि खूप जण खऱ्या कोर्सपर्यंत पोचायच्या आधीच गळायचे. आता बऱ्याच ठिकाणी मूळ कोर्स आणि सपोर्ट एकाच सेमिस्टरला जोडून देतात, अमेरिकेत टेनेसी राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांनी (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांनी) २०१५ पासून हे सगळीकडे लागू केलं. याला कोरिक्विझिट म्हणतात. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण तुम्ही पहिल्या दिवसापासून खऱ्या वर्गात बसलेले असता.

आमचा आठवडा असा असायचा, दोन दिवस वर्ग, प्रत्येक वर्गाला लागूनच एक सपोर्टचा तास त्याच मॅडमचा, आणि बाकी सगळं ऑनलाइन म्हणजे व्हिडिओ, होमवर्क, आठवड्याची क्विझ.

व्हिडिओ वर्गाच्या आधी बघायचे, आठ-दहा मिनिटांचे. पहिले दोन आठवडे मी ते काम करता करता ऐकले आणि त्याचा काहीएक उपयोग झाला नाही. मग वही-पेन घेऊन बसायला लागले, आणि मॅडम पुढची ओळ लिहिणार तेवढ्यात व्हिडिओ थांबवायचा, ती ओळ आपण लिहायची, मग पुढे चालू करून ताडून बघायचं. दहा मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास लागायचा पण वर्गात गेल्यावर फळ्यावरचं ओळखीचं वाटायचं.

होमवर्कला कितीही वेळा प्रयत्न करता येतात, दर वेळी आकडे बदलून तसलाच प्रश्न येतो, आणि ८० टक्के झाल्याशिवाय पुढचा भाग उघडत नाही. ही कल्पना पण जुनीच आहे, शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मास्टरी लर्निंग म्हणून मांडली होती, की सगळ्यांना सारखाच वेळ देण्यापेक्षा ज्याला जितका लागेल तितका द्यावा पण शिकणं पूर्ण व्हावं. चुकलं तरी कोणी बघत नाही, रात्री अकरा वाजता एकच प्रकार सात वेळा करा, कोणी कंटाळत नाही. माझ्यासारखी जी वर्गात हात वर करायलाच घाबरायची तिला याचं मोल फार आहे.

पण इथेच मी फसले. प्रत्येक प्रश्नाशेजारी ‘असंच सोडवलेलं उदाहरण बघा’ असं बटण असतं. मी ते उघडायचे, आकडे बदलून तीच पायरी लिहायचे, हिरवी खूण यायची. होमवर्क १०० टक्के आणि क्विझमध्ये, जिथे ते बटण नसतं, ५२. दोन आठवडे लागोपाठ हेच. मला वाटलं मला गणित येणारच नाही.

सपोर्टच्या तासाला मॅडमनी लॅपटॉप बंद करायला लावला आणि कोरा कागद दिला. म्हणाल्या, क्विझमधलं चुकलेलं इथे करा, मी नुसती बघते. प्रश्न होता ५ − २(एक्स − ३) सोपं करा. मी ५ मधून २ वजा केले आणि लिहिलं ३(एक्स − ३), म्हणजे ३एक्स − ९. त्या चूक म्हणाल्याच नाहीत. बोटाने ५ झाकला आणि विचारलं, ‘आता काय उरलं?’ मी म्हटलं वजा दोन आणि कंस. ‘मग हे दोन कुणाला चिकटलेत, पाचला की कंसाला?’ आणि मला दिसलं. दोनाचा कंसाशी गुणाकार आहे, तो आधी. −२एक्स + ६, त्यात ५ मिळवा, ११ − २एक्स. सॉफ्टवेअरने मला हेच उत्तर निदान दहा वेळा दाखवलं होतं, पण मी तिथून तिथे का जात होते हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी ताळा करायला शिकवलं. एक्सच्या जागी १ घाला, मूळ राशी ९ येते, माझी −६, बरोबरवाली ९. मी खूश होऊन ४ घालून बघितलं तर मूळ पण ३ आणि माझं चुकीचं उत्तर पण ३! मॅडम हसल्या, जिओजेब्रा नावाच्या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचे आलेख काढून दाखवले, एक रेषा उतरत जाते, दुसरी चढत जाते आणि दोघी नेमक्या ४ वर एकमेकींना छेदतात. म्हणून ताळा दोन वेगळ्या आकड्यांनी करायचा, दोन सरळ रेषा दोन ठिकाणी जुळल्या म्हणजे त्या एकच. त्या दिवशी मला पहिल्यांदा आलेख आणि समीकरण ही एकच गोष्ट वाटली, आधी ते दोन वेगळे धडे होते.

त्यानंतर मी ते बटण आधीच दाबणं बंद केलं. आधी कागदावर स्वतः, अडलं तर उदाहरण, मग उदाहरण बंद करून पुन्हा पहिल्यापासून. मॅडमनी रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगाबद्दल सांगितलं, विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी परत परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. उतारे म्हणजे काही गणित नव्हे, पण माझं होमवर्क-क्विझचं कोडं मला यात हुबेहूब दिसलं.

तांत्रिक कटकटी असतातच. ०.५ लिहिलं तर चूक, १/२ लिहिलं तर बरोबर, सोडवलेल्या पानांचे फोटो अंधुक आले म्हणून परत पाठवायचे, शेवटच्या तासाला नेट जाणं. होमवर्क एक दिवस आधी संपवायचं ठरवलं तेव्हा यातलं बरंचसं मिटलं.

सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेत मला १०० पैकी ६१ पडले. इथे एक सोय होती जी सगळ्या कोर्सना असायला हवी असं मला वाटतं, गेलेल्या मार्कांपैकी अर्धे परत मिळवता येतात, पण नुसतं बरोबर उत्तर लिहून नाही, प्रत्येक चुकीसाठी मी तेव्हा काय विचार केला, तो कुठे घसरला आणि मग तसलाच एक नवा प्रश्न सोडवून, असं तिन्ही लिहायचं. ३९ गेले होते, १७ परत आले. ते लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या आणि अख्ख्या सेमिस्टरमधला माझा सगळ्यात जास्त अभ्यास त्या तीन संध्याकाळी झाला.

कोणी असा कोर्स घेणार असाल तर नाव नोंदवायच्या आधी एवढं विचारा की सपोर्टचा तास वेळापत्रकात आहे का, की ‘लागलं तर या’ असं आहे, कारण ‘लागलं तर’ असेल तर ज्याला सगळ्यात जास्त लागतं तोच जात नाही, मी तरी गेले नसते. आणि तो तास शिकवणाऱ्या मॅडम-सरच घेतात का तेही विचारा.

फायनल वर्गात बसून होती, फक्त कागद-पेन. ८३ आले. पुढच्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स घेतलंय, त्यालाही सपोर्टचा तास आहे, आणि त्याच मॅडम आहेत.