पुण्याची ऑर्डर

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. निलंगा.

आज ऊन चांगलं होतं, त्यामुळे परवा तेल लावलेली तूर दुपारपर्यंत अंगणात पसरून ठेवली. दाणा दाताखाली धरला की कटकन फुटला पाहिजे. नुसता दबला तर अजून एक ऊन लागणार. ओलावा मोजायचा मीटर आणलाय, पण अप्पांचा विश्वास दातावरच. आणि खरं सांगायचं तर दोघांचं उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं. ओली तूर आमच्या डाळीच्या गिरणीत घातली की टरफल सुटत नाही आणि सुटलंच तर डाळीची खांड, म्हणजे तुकडे, होते. खांड खपते निम्म्या भावात.

दिवसभर डोक्यात मात्र तूर नव्हती, पुणं होतं. तिथल्या एका दुकानांच्या साखळीला आपली बिनपॉलिशची डाळ पसंत पडलीय. महिन्याला ५० क्विंटल, वर्षभर. पैसे माल पोचल्यावर ६० दिवसांनी. फोन ठेवला तेव्हा घरात सगळे इतके खूश, की आईनं शेजारी सांगूनही टाकलं.

रात्री वही घेऊन बसलो. ५० क्विंटल डाळीला ७० क्विंटल तूर लागते. बाजारात भाव सव्वासात हजारांच्या आसपास, हमीभावाच्याही (७,५५०) खाली. म्हणजे एका महिन्याच्या मालाला पाच लाखांची तूर, तीही रोख. तूर घालायला आलेल्या माणसाला "दोन महिन्यांनी या" म्हणायची सोय नाही, म्हणूही नये. त्याला खताची उधारी फेडायचीय, पोरीचं लग्न आहे. पहिल्या महिन्याचे पैसे यायच्या आत तिसऱ्या महिन्याचा माल भरावा लागणार. म्हणजे पंधरा लाख बाहेर, आणि माझी सीसी (बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज) आहे तीन लाखांची. क्विंटलमागं सगळं जाऊन पाचेकशे सुटतात. त्यातून व्याज वजा केलं की मी पुण्यासाठी राबणार आणि बँक कमावणार.

ही अडचण कुठल्याच मेळाव्यात कुणी सांगत नाही. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेची माहिती देताना साहेब लोक ३५ टक्के अनुदान म्हणतात, दहा लाखांपर्यंत म्हणतात आणि टाळ्या पडतात. ते खरंच आहे, माझी गिरणी त्यातूनच उभी राहिली. पण ते पैसे हातात येत नाहीत. बँकेत वेगळे पडून राहतात आणि कर्जाचे हप्ते नीट गेले तर तीन वर्षांनी कर्जात वळते होतात. यंत्राला पैसे द्यायला सगळे तयार. यंत्रात घालायच्या तुरीला कुणी नाही. उद्योजक व्हा म्हणणाऱ्या भाषणांत खेळत्या भांडवलाचा शब्द मी तरी क्वचितच ऐकलाय. जिद्द, स्वप्न, झेप, हे मात्र भरपूर.

त्याआधी संध्याकाळी धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या मित्राला फोन लावला होता. त्याची खव्याची भट्टी आहे. त्यांच्याकडच्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं, ती सरकारी नोंद) मिळालं, त्याच खेपेला आमच्या तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीलाही मिळालं. तेव्हापासून आम्ही एकमेकांना मानांकनवाले म्हणून चिडवतो. (माझी तूर बोरसुरीची नाही. गिऱ्हाईक विचारतं, मी नाही म्हणून सांगतो. काही जण तरी घेतात.)

त्यानं पहिलाच प्रश्न केला, "रोख देऊलालेत का?"

"साठ दिवस."

"मग कशाला नाचूलालास?"

त्याचं गणित निराळं आहे. दूधवाल्यांचा पगार दर दहा दिवसांनी करावाच लागतो, नाहीतर दूध दुसऱ्या भट्टीवर जातं. म्हणून तो रोखीशिवाय खवा देत नाही आणि घेणारे निमूट पैसे देतात, कारण खवा त्यांनाही आजच हवा असतो. डाळ टिकते, म्हणूनच तिचे पैसे थकतात. माल टिकाऊ असणं ही धंद्यातली अडचण असू शकते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मी कायद्याचा विषय काढला. आपण उद्यम नोंदणी केलेले, सूक्ष्म उत्पादक. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज. आता तर मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या आयकरात दाखवता येत नाही. तो म्हणाला, "दाखव कायदा. पैसे येतील, पुढची ऑर्डर येणार नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ६० चे ४५ करून मागायला कायद्याचा आधार आहे हेही काही कमी नाही. भीक मागितल्यासारखं वाटत नाही.

शेवटी जेवण झाल्यावर मेसेज टाकला: महिन्याला २० क्विंटल देतो, निम्मे पैसे माल भरताना, उरलेले ४५ दिवसांत. दोन महिने नीट गेले तर माल वाढवू. पलीकडून उत्तर आलं, "सरांना विचारून सांगतो." सर कोण, माहीत नाही. सगळ्या कंपन्यांत एक सर असतातच.

आईला अजून सांगितलं नाही. अप्पांना सांगितलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "वीसच बरं. उद्या तिघंजण तूर घेऊन येऊलालेत, तेवढे पैसे सकाळी काढून आण."

बँक दहाला उघडते. तोवर काटा तपासून घेतो.