तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या राजाची गाडी?

कुठल्याच नाही. जुन्या गाड्यांच्या रॅलीत माझ्या गाडीपाशी उभं राहिलं की सारखा हाच प्रश्न, आणि नाही म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. म्हणून एकदाच नीट सांगतो.

१९३४ची रोल्स-रॉइस आहे, २०/२५ हे मॉडेल. १९२९ ते १९३६ या काळात अशा ३,८२७ बनल्या, त्या काय सगळ्या राजवाड्यांत गेल्या? कंपनी चॅसी, म्हणजे खालची चौकट, आणि इंजिन द्यायची, बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची, आणि ही गाडी डॉक्टर-व्यापारीही घ्यायचे, स्वतः चालवायचे. इंग्लंडच्या रोल्स-रॉइस क्लबकडून चॅसी कार्डाची, म्हणजे गाडीच्या मूळ नोंदीची, कॉपी मागवली, त्यावर पहिला मालक लंडनचा व्यापारी निघाला. बाबा जन्मभर संस्थानिकाची गोष्ट सांगत आलेले, ते म्हणाले, "कार्ड चुकलं असेल." मी वाद घातला नाही. घालायला हवा होता का, ते अजून ठरत नाही.

पण खरा मालक मला सापडला तो ॲल्युमिनियमचा पत्रा उतरवला तेव्हा. बॉडीचा आतला सांगाडा ॲश या विलायती झाडाच्या लाकडाचा, तो मागच्या बाजूला वाळवीने पार पोखरलेला, हात लावला की भुगा. आणि त्या भुग्यात मध्येच तीन तुकडे टणक, सागवानाचे, कुणा सुताराने इतके चपखल सांधे करून बसवलेले की फट दिसेना. हे इथेच, मुंबईत झालेलं काम. नाव नाही, बिल नाही, कागदावर त्याचा पत्ताच नाही, पण गाडीचा मागचा भाग इतकी वर्षं त्याच्या लाकडावर उभा होता. मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसलो, बराच वेळ उठवेना.

गाडी पूर्ववत करून देणारा रिस्टोअरर म्हणाला सगळं काढून नवीन ॲश घालू, नाहीतर स्पर्धेत मार्क कापतील. बरोबर आहे त्याचं. पूर्वी मीच सगळ्यांना सांगत फिरायचो की गाडी कारखान्यातून आली तशीच दिसली पाहिजे, आणि तो जुना मी आजही मला खोटा वाटत नाही. तरी सागवान ठेवलंय. सांधे तसेच, वर फक्त पॉलिश.

एजंट म्हणतात राजाची म्हणून सांगा, जास्त पैसे येतील. सांगणार नाही, आणि विकायचीही नाहीये.

उजव्या मागच्या दाराचं लाकूड अजून बाकी आहे. तिथे ॲश की साग, यावर रिस्टोअररचं आणि माझं भांडण चालूच आहे.