स्वप्नात सांगितलेलं काम

वारकरी संतांना पडलेली स्वप्नं कामाची असतात. तुकोबांच्या स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले आणि राहिलेलं कवित्व पुरं कर म्हणाले. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नातच. एकनाथांच्या स्वप्नात तर खुद्द ज्ञानोबा आले. अजानवृक्षाची मुळी कंठाला लागलीय, येऊन काढ, एवढंच मागणं. नाथ आळंदीला गेले, समाधीचा शोध घेतला, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ होऊन तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. गेलेलं माणूस स्वप्नात येतं ते राहिलेलं काम सांगायला, असं या गोष्टी वाचताना मला वाटायचं. यंदा चालताना ते पटलं.

यंदाची वारी अण्णांची. माझे वडील पौषात गेले. शेवटच्या दिवसांत अंथरुणावरून आषाढी कितीला आहे ते विचारायचे, आणि विचारलेलं विसरून पुन्हा विचारायचे. आमच्या खटावकडं अशी घराची वारी असते. करणारा गेला की दुसऱ्या कुणीतरी ती उचलायची. भावाला रजा मिळेना. मी म्हटलं, मी जाते. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं, पूल ओलांडून पाडेगावात सातारा जिल्हा लागला, आणि रस्त्याकडेला उभ्या बायकांच्या बोलण्याचा हेल ओळखीचा झाला. अण्णा गेल्यानंतर मला मोकळं रडू आलं ते तिथं.

मी एकांकिका लिहिते. या सहा महिन्यांत एक ओळ सुचलेली नव्हती. सुचू नये असंच मला वाटत होतं. बाप गेल्यावर इतक्यात काही सुचावं तरी कशाला?

लोणंद सोडलं की तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो. माउलींच्या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण इथं होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात, मधली वाट मोकळी ठेवतात, आणि तिच्यातून दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी नसतं. तो माउलींचा. टाळांचा आवाज छातीत घुमत होता आणि माझे डोळे त्या मोकळ्या पाठीवरून हलत नव्हते. शेजारची मावशी टापांखालची माती कपाळाला लावत म्हणाली, "बसल्यात बघ माउली." घरी अण्णांची खुर्ची आम्ही माळ्यावर टाकली होती, ती रिकामी बघवेना म्हणून. इथं रिकाम्या पाठीला अख्खा सोहळा हात जोडून उभा होता. संतांची गोष्ट वेगळी, हे मला कळतं. तरी घरी गेल्यावर ती खुर्ची खाली आणायची, एवढं मी तिथंच ठरवलं.

या सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबांनी. साताऱ्याजवळच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी सरदार होते. दिंड्यांचा क्रम, कुठल्या वेळी कुठले अभंग, ही सगळी घडी एकोणिसाव्या शतकात त्यांनी बसवली. रचना काय फक्त ओळींचीच असते? इतक्या माणसांना एका लयीत पंढरपूरपर्यंत नेणारी ही मांडणी माझ्या मते मोठ्या कवीचं काम आहे. तिचा कर्ता आळंदीच्या महाद्वारात, पायरीखाली आहे. त्या पायरीवर डोकं ठेवताना यापुढं मला हे आठवेल.

तरडगावच्या मुक्कामी राहुटीत अण्णा दिसले. घाईत होते. "दुसरा चरण वर घ्यायला सांग पोरांना," म्हणाले आणि गेले. ख्यालीखुशाली विचारली नाही.

कशाबद्दल बोलत होते ते मला लगेच कळलं. तुकोबांच्या एका अभंगाला अण्णांनी चाल लावली होती. गोठ्यापुढच्या ओट्यावर टाळ घेऊन बसायचे आणि पुन्हा पुन्हा म्हणायचे, मी शाळेचा अभ्यास करत ऐकायचे. ती आधी गावच्या भजनात गेली, मग दिंडीत. अभंगाच्या शेवटी नामा म्हणे, तुका म्हणे असं नाव येतं. चालीत नाव कुठं घालणार? ती म्हणणाऱ्या बऱ्याच पोरांनी अण्णांना पाहिलेलंही नाही. दुसऱ्या चरणाला आवाज वर जायचा तो आता सपाट झाला होता. लोणंदपासून मला काहीतरी खटकत होतं ते हेच.

फलटणच्या वाटेवर आमचे एक आप्पा फोनवर भावाला विचारत होते, "वापसा आलाय का?" पावसानंतर जमीन पेरण्याजोगी झाली का, असं. पेरणी भावावर टाकून आलेले. मी विचारलं, जीव तिकडं ओढत नाही का? "वढतोय की. पर पेरणी त्यो करतोय, वारी म्या करतोय. दोन्ही घरचीच कामं." मी आजवर कर्तव्य म्हणजे एकट्यानं पेलायचं ओझं समजत होते. आप्पांच्या घरात ते वाटून घेतलेलं होतं, आणि वाटा उचलताना कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

फलटणला पालखीचा तळ विमानतळावर असतो. संध्याकाळी चोपदारानं चोप वर केला आणि एवढं मोठं मैदान एका दमात शांत झालं. समाजआरती झाली. जेवणं उरकल्यावर चाल म्हणणाऱ्या पोराला मी गाठलं आणि दुसरा चरण म्हणून दाखवला. त्यानं तो लक्ष देऊन ऐकला, वर नेला, आणि शेवटी एक मुरकी घातली, जी अण्णांनी कधी घेतली नव्हती. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणं, असं नाथांनी बजावलंय. शब्दांना ते लागू आहेच. तुकोबांचा काना-मात्रा हलता कामा नये. पण चाल गळ्यागळ्यातून जाते, आणि तो गळा तिच्यात थोडा उतरणारच. मी म्हटलं, राहू दे मुरकी.

"ताई, चाल कुणाची ही?"

मी सांगितलं. त्यानं अण्णांचं नाव विचारून घेतलं, गाव विचारलं, आणि पुन्हा एकदा पूर्ण अभंग म्हटला.

दुसऱ्या दिवशी बरडच्या वाटेवर त्यानं तोच अभंग लावला. आम्ही बायकांनी मागून ध्रुपद धरलं. त्या रात्री मुक्कामाला मी वही काढली आणि नव्या एकांकिकेचं पहिलं वाक्य लिहिलं. पडदा उघडतो तेव्हा एक म्हातारा रस्त्यात थांबून फोनवर विचारतो, "वापसा आलाय का?"