आवाहनाचा मजकूर

मंगळवार, रात्री

आमच्या बाळाला एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी) हा स्नायू निकामी करणारा जनुकीय आजार आहे. त्याच्या इंजेक्शनसाठी वर्गणी मागणाऱ्या आवाहनाचा मजकूर मला तपासून द्यायला सांगितले होते, फोटो निवडायला नव्हे. धनंजयने संध्याकाळी दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिले, "आत्या, यातला कोणता लावू? टीमचे म्हणणे दुसरा लावा." पहिल्या फोटोत बाळ आजोबांच्या टोपीचा काठ बोटांनी चाचपत हसते आहे. दुसऱ्या फोटोत त्याच्या नाकात नळी आहे, डोळे अर्धवट मिटलेले आहेत आणि श्वास घेताना पोट वर येऊन छाती आत गेलेली स्पष्ट दिसते. टीम म्हणजे वर्गणी गोळा करणाऱ्या त्या संकेतस्थळाची माणसे. कोणत्या फोटोला किती पैसे येतात याचा त्यांना अनुभव आहे आणि त्यांचे म्हणणे बहुधा खरेच असणार, हेच मला सहन होत नाही.

वास्तविक या सगळ्यात माझे मत कोणी विचारलेलेच नव्हते. मुंबईचे डॉक्टर काय म्हणाले ते मला चौथ्या तोंडून कळले, आणि आईबाप दोघांच्याही जनुकात दोष असल्यावाचून हा आजार मुलाला सहसा होत नाही हे मी सांगू लागले तेव्हा वन्संनी टीव्हीचा आवाज वाढवला. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून आयुष्य जव्हार-मोखाड्यात काढलेल्या बाईची घरच्यांना आठवण होते ती ऱ्हस्व-दीर्घ पाहण्यापुरती. मंदाच्या मुलीच्या तपासणीचा विषय मी काढणार होते. तो आता राहू दे.

तरीही फोन उपडा ठेवून मी हिशेब करत बसले, कारण ती सवय सुटत नाही. झोल्गेन्स्मा या इंजेक्शनची किंमत साधारण 16 कोटी रुपये. अतितीव्र कुपोषित, आमच्या भाषेत सॅममधल्या, बालकाच्या पूरक आहारासाठी 2017 मध्ये ठरलेला दर दिवसाला 12 रुपये, आणि वर्षाचे दिवस 300 धरायचे. म्हणजे एका मुलाला वर्षाला 3,600 रुपये आणि 16 कोटींत 44,444 मुले. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मला स्वतःचीच किळस आली, कारण हा हिशेब बरोबर असूनही खोटा आहे. धनंजयच्या ऑफिसातली माणसे बाळासाठी जे पाचशे-हजार काढतील ते त्यांनी काढले नाहीत, तर ते मोखाड्याच्या अंगणवाडीत जाणार नसून एखाद्या हॉटेलच्या बिलात जाणार आहेत. एका मुलाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला दिला जात आहे असे चित्र मीच रंगवते आणि मग त्या चित्राकडे बोट दाखवून गप्प बसण्याची सोय करून घेते.

मग खुपते आहे ते पैशाचे नसावे. खुपते ते असे की जीव वाचण्यासाठी मुलाला लोकांना दिसावे लागते. 2021 च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या एका बाळासाठी हेच इंजेक्शन अमेरिकेहून आणायचे होते, तेव्हा केंद्र सरकारने सुमारे 6 कोटींचा कर माफ केला आणि सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. ते बाळ तोवर घराघरांत पोहोचले होते, त्याच्यासाठी राज्याच्या विरोधी पक्षनेत्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले होते. ज्यांचे फोटो कोणाच्या फोनवर आले नाहीत अशी त्याच आजाराची मुले त्याच वर्षी याच राज्यात होती. त्यांच्यासाठी पत्र कोण लिहिणार होते?

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट मला आज पुन्हा पुन्हा आठवते आहे. हे इंजेक्शन बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीने, ज्या देशांत त्याला अजून परवानगी मिळाली नव्हती तिथल्या मुलांसाठी वर्षाला 100 पर्यंत डोस फुकट द्यायचे ठरवले आणि मुलांची निवड सोडत काढून केली. दोन वर्षांच्या आतल्या बाळांची नावे, आणि त्यांत सोडत! तेव्हा जगभर टीका झाली, आणि मीही चहाच्या टेबलावर बसून कंपनीला भरपूर नावे ठेवली होती. आज मात्र हे दोन फोटो समोर असताना मला वाटते की त्या सोडतीत निदान कोणी कोणाचा चेहरा पाहत नव्हते. कोणत्या बाळाचे डोळे टपोरे आहेत, कोणाच्या आईला कॅमेऱ्यासमोर रडता येते, कोणाचा मामा संगणकाच्या कंपनीत आहे, यावर तिथे काही अवलंबून नव्हते. सोडत निर्दय होती हे खरेच, पण आम्ही चांगल्या मनाची माणसे जी निवड करतो ती तिच्याहून दयाळू असेल, न्याय्य आहे असे काही म्हणवत नाही.

आमच्या खात्यात निवडीला टेप होती. मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल लाल पट्ट्यात, म्हणजे अतितीव्र कुपोषित, मग ते सरपंचाचे असो की वीटभट्टीवरून परतलेल्या कातकऱ्याचे. टेपही चुकते, सेविकेचा हात सैल पडला तर मूल हिरव्यात जाते, आणि पोषण पुनर्वसन केंद्रातल्या खाटा संपल्या की लाल पट्ट्यातल्या मुलांमधूनही निवड करावीच लागते. खोडाळ्याची ती मुलगी... नको. पण टेप लावताना मूल गोड दिसते का हे मला कधी पाहावे लागले नाही, याचे मोल त्या वेळी कळले नव्हते.

फोटो मात्र तिथेही होतेच. मी नोकरीला लागले तेव्हा 1992-93 मधल्या जव्हारच्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंना काही वर्षे लोटली होती, तरी पावसाळा आला की शहरातून गाड्या येत. पाहुण्यांना बरगड्या दिसणारे मूल हवे असे. एका पाड्यावर एका आईने कॅमेरा पाहताच पोराच्या तोंडावर पदर ओढला आणि काही न बोलता ती झापात निघून गेली. बरोबरचे साहेब म्हणाले की या लोकांना आपले हित कळत नाही. मला त्या दिवशी ती बाई हट्टी वाटली होती, कारण बातमी आली की तालुक्याला डॉक्टर मिळतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले होते. आज वाटते की तिने जे केले ते करण्याची मुभा बाळाच्या आईला, स्नेहलला, नाही. तिने पदर ओढला तर 16 कोटी जमणार नाहीत, आणि वेळही थोडा आहे, कारण या आजारात मज्जारज्जूतल्या ज्या पेशी गेल्या त्या परत येत नाहीत. इंजेक्शन उरलेल्यांना वाचवते.

आणखी एक गोष्ट आहे, जी टीमला सांगून उपयोग नाही. या आजारात स्नायू जातात, बुद्धीला धक्का लागत नाही. बाळ जगले, आणि ते जगावे म्हणूनच तर हा सारा खटाटोप आहे, तर पाच-सहा वर्षांत ते वाचू लागेल आणि एके दिवशी स्वतःचे नाव फोनवर शोधील. तेव्हा त्याला हा फोटो दिसेल आणि फोटोखाली मी शुद्ध करून दिलेला मजकूर दिसेल: "मृत्यूच्या दारात उभा असलेला हा निष्पाप जीव आपल्याकडे आशेने पाहत आहे." वर्गातल्या मुलांनाही तो दिसेल. तू आम्हा सर्वांचा आहेस असे सांगणाऱ्या अनोळखी माणसांनी खाली हजारो हात जोडलेले दिसतील. त्याला हे चालेल का, हे विचारण्याजोगे त्याचे वय नाही, आणि वय होईपर्यंत थांबावे तर प्रश्नच उरणार नाही. आईबापांची संमती कायद्याला पुरते. त्यांनी ती कोणत्या अवस्थेत दिली हे कायदा विचारीत नाही.

म्हणून मी मजकुरातले "मृत्यूच्या दारात" काढले, "निष्पाप" काढले, "आपल्याकडे आशेने पाहत आहे" हेही काढले. उरलेल्या मजकुरात आजाराचे नाव, औषध, किंमत, मुदत आणि डॉक्टरांचे पत्र एवढेच राहिले, आणि मी एक वाक्य घातले की आजोबा जिन्यात खोकले तरी बाळ त्यांना ओळखते. धनंजयचा लगेच निरोप आला, "आत्या, मजकूर छान आहे, पण यात आजार कुठे आहे?" मी त्याला लिहिले की फोटोचे स्नेहललाच विचार. त्याने विचारले होते. ती म्हणाली, "जो चालेल तो."

या तीन शब्दांपुढे माझी सगळी नीती लटकी पडली. ज्या आईला रात्री बाळाच्या छातीतला कफ यंत्राने ओढून काढावा लागतो, तिच्यासमोर बाळाच्या भावी प्रतिष्ठेची बाजू मांडणारी मी कोण? प्रतिष्ठा जपायची तर माणूस आधी जिवंत हवा. आणि तरीही तिने हे म्हणावे अशी वेळ तिच्यावर आणणारे आपण सगळे आहोत, मी धरून. मी विचार करते आहे तो मुलाच्या भल्याचा, की मला तो नळीचा फोटो पाहवत नाही याचा? दोन्ही असावे. मला न पाहवणाऱ्या गोष्टींना तत्त्वाचे नाव देण्याची कला मी सरकारी अहवाल लिहिता लिहिता शिकले.

मोबदलाही ठरलेलाच आहे. पलीकडच्या सोसायटीतल्या त्या मुलीसाठी सगळ्यांनी वर्गणी काढली होती, आणि तिच्या वाढदिवसाला घरच्यांनी केक कापल्याचा फोटो आला, तेव्हा जिन्यात झालेली कुजबुज मी माझ्या कानांनी ऐकली आहे. आपल्या पैशांतून फुगे लावले, म्हणे! देणगी दिली की देणाऱ्याला त्या घराच्या स्वयंपाकघरात डोकवावेसे वाटू लागते. आमच्या खात्यातही याहून वेगळे नव्हते, लाभार्थी बाईच्या कानात नवे कुडे दिसले की आम्ही नोंद करीत असू. फरक इतकाच की आमच्याकडे त्यासाठी छापील रकाना होता.

तेव्हा इतका त्रागा करून झाल्यावर लक्षात येते की मला येते ते काम याहून वेगळे आहे आणि ते अजून कोणी केलेले नाही. दुर्मिळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात 2022 मध्ये बदल झाला आणि आता अशा आजारांच्या सर्व गटांतल्या रुग्णांना उत्कृष्टता केंद्रांमार्फत, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या रुग्णालयांमार्फत, 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत असे केंद्र केईएम रुग्णालयात आहे. इंजेक्शनच्या किमतीपुढे 50 लाख काहीच नाहीत म्हणून घरात त्याबद्दल कोणी बोललेच नसणार. पण रोज तोंडाने द्यायचे रिस्डिप्लाम हे औषधही आहे. रोश कंपनीची त्याची बाटली सहा लाखांच्या आसपास होती. रोशच्या पेटंटवरून मनाई करायला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिल्यावर 2025 च्या ऑक्टोबरात नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध बाटलीला 15,900 रुपयांना आणले. ते आयुष्यभर घ्यावे लागते आणि या बाळाला इंजेक्शनऐवजी ते योग्य आहे का हे डॉक्टरांनीच सांगायचे आहे. पण 16 कोटींचे आवाहन करणाऱ्याने हा प्रश्न डॉक्टरांना आधी विचारलेला असावा, आणि 50 लाखांत अशा किती बाटल्या बसतात हा भागाकार मला तरी करता येतो. या खेपेला तो करताना किळस आली नाही.

धनंजयला कळवले आहे की मजकूर मी दिला तसाच जाईल, त्याला हवा तो फोटो त्याने लावावा, मी भांडणार नाही, आणि बाळाचे सर्व रिपोर्ट, जन्मदाखला व दोघांची आधार कार्डे यांच्या प्रती मला उद्या सकाळी दहाच्या आत पाठवाव्यात. "कशाला?" असे त्याने विचारले आहे. अर्ज भरण्यात अंगणवाडीवाल्या बाईचा हात धरणारा अजून जन्मला नाही हे त्याला फोनवर सांगेन. उत्पन्नाचा दाखला लागतो का, तेवढे केईएममध्ये आधी विचारून घ्यायला हवे, कारण तो काढायला तलाठ्याकडे धनंजयला पाठवले तर आठवडा जाईल.