आमची वाटचाल : आधी मीटर, मग सेन्सर

आमचं वर्कशॉप कराडला, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला. सुरुवात केली ती सेल्फ आणि आल्टरनेटरच्या कामांनी. गिऱ्हाईक म्हणजे ट्रक, ट्रॅक्टर आणि कारखान्यांच्या हंगामात उसाच्या गाड्या. अधूनमधून एखादी पोकलेन यायची, पण तिच्यात वायरमनला काम ते किती? डिझेल पंप मेकॅनिकल, इंजिन बंद करायला एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका), ऑइल प्रेशरचा एक साधा स्विच. दिवे, हॉर्न, सेल्फ पाहिले की झालं.

पुढे पोकलेनमध्ये कंट्रोलर, म्हणजे इंजिन सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर आले, कॉमन रेल इंजिनं आली, ज्यांत एकाच दाबाच्या पाइपातून (रेल) सगळ्या इंजेक्टरांना डिझेल जातं. टायरवर चालणाऱ्या बांधकाम मशिनांना 1 एप्रिल 2021 पासून धुराच्या नियमांचं भारत स्टेज 4 लागू झालं आणि 1 जानेवारी 2025 पासून स्टेज 5. दर टप्प्याला सेन्सर वाढत गेले : रेल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), सायलेन्सरकडचं तापमान, काही मशिनांत धूर साफ करायच्या युरियाच्या टाकीची पातळी आणि दर्जासुद्धा. आता काही बिनसलं की डिस्प्लेवर आकडे येतात आणि आरपीएम चढायचं बंद होतं. मशीन तासावर भाड्याने लावलेलं असतं, त्यामुळे मालकाचा जीव खालीवर. अशा फोनांनी आमचा धंदा हळूहळू बदलून टाकला.

या कामातला सगळ्यात महागडा गैरसमज असा, की डिस्प्लेने ज्या सेन्सरचं नाव घेतलं तो सेन्सर गेला. बऱ्याच मशिनांत जे-1939 पद्धतीचा, म्हणजे अवजड गाड्या-मशिनांसाठी ठरलेल्या पद्धतीचा कोड येतो, त्यात दोन आकडे. पहिला, एसपीएन, सांगतो तक्रार कशाबद्दल आहे : 100 म्हणजे ऑइल प्रेशर, 110 कूलंटचं तापमान, 157 रेल प्रेशर. दुसरा, एफएमआय, सांगतो तक्रार कोणत्या जातीची आहे : 3 म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा वर, 4 म्हणजे खाली, 5 म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. ‘सेन्सर बदला’ असं यात कुठेही नाही. कंट्रोलरला फक्त स्वतःच्या पिनवर आलेलं व्होल्टेज दिसतं. सेन्सर, वायर, कनेक्टर आणि अर्थिंग यांपैकी गडबड कोणाची, ते आपण शोधायचं.

आणि कधीकधी कोड अगदी खरं सांगत असतो. एसपीएन 100 बरोबर एफएमआय 1 आला तर सिग्नल ठीक आहे, तेलाचा दाबच खरोखर धोक्याइतका कमी आहे. तिथे ‘सेन्सरची कटकट आहे, चालवा’ म्हणणारा अख्खं इंजिन घालवतो.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या बाजूला एका जांभ्याच्या खाणीवरची गोष्ट सांगतो. डिस्प्लेवर एकदम चार कोड, ऑइल प्रेशर, रेल प्रेशर, बूस्ट सगळेच. आधीच्या मेकॅनिकने दोन सेन्सर बदलले होते, बाकीच्यांची ऑर्डर जायची होती. आम्ही चाव्या-पाने बाजूला ठेवून मीटर लावला. या सेन्सरांना कंट्रोलरकडून 5 व्होल्टची सप्लाय जाते आणि त्या मशीनवर ती लाइन सगळ्यांना सामाईक होती. कनेक्टरवर 5 च्या जागी जवळजवळ शून्य. एकेक सेन्सर काढत गेलो. एखाद्या सेन्सरमध्येच शॉर्ट असता, तर तो काढल्यावर 5 परत यायला हवे होते. सगळे काढून झाले तरी येईनात, म्हणजे दोष हार्नेसमध्ये, वायरींच्या जुडग्यात. एकाने मीटरवर डोळा ठेवला, दुसऱ्याने हार्नेस हाताने हलवत नेला. इंजिन माउंटिंगपाशी आकडा उडी मारून 5 वर गेला आणि पुन्हा पडला. तिथली क्लॅम्प तुटलेली, हार्नेस ब्रॅकेटवर घासून वायरचं तांबं उघडं पडलेलं. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, नवी क्लॅम्प मारली. चारही कोड गेले.

मालक म्हणाले, “एवढंच होतं व्हय? मग बदललं काय? बिल कशाचं?”

हा प्रश्न आम्हाला सगळीकडे भेटला आहे. पार्ट हातात दिसला की लोक पैसे मोजतात, शोधण्याचे मोजताना हात आखडतो. त्यावर आम्ही एक निर्णय घेतला, तो आजही पाळतो : सेन्सर विकायचेच नाहीत. तपासणीची फी आधी सांगायची, पार्ट लागो न लागो. लागला तर नंबर लिहून द्यायचा, मालकाने हवा तिथून आणावा. पार्टवरचं कमिशन गेलं, काही दुकानदारांनी बोलणं कमी केलं. पण मालकांना एवढं कळलं, की सेन्सर खपवण्यात आमचा काही फायदा नाही. खाणीवाल्या त्या मालकांची बाकीची मशिनंही पुढे आमच्याकडे आली.

जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा पाण्यात बसलेल्या मशिनांची रांग लागली. तिथे कोड वाचण्यात अर्थ नव्हता, डझनाने येत होते. बॅटरी काढून आधी कॅन लाइनचा, म्हणजे कंट्रोलरांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरींचा रेझिस्टन्स बघायचा. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून 60 च्या आसपास यायला पाहिजे. 120 आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी चिकटल्यात. मग एकेक कनेक्टर उघडून गाळ धुवायचा, सुकवायचा, पिनांवरचा हिरवा थर काढायचा. कंटाळवाणं काम, पण आमची पोरं खरी शिकली ती तिथे.

वेल्डिंगबद्दल मात्र मी भांडतो. बकेटचे दात वेल्ड करताना बॅटरी जोडलेली आणि अर्थ क्लॅम्प पार चेसिसच्या दुसऱ्या टोकाला, हे साइटवर अजून चालतं. असा कंट्रोलर जळला की तो लाखांच्या भाषेत बोलतो. बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या जवळ लावा. हे स्टिकर आम्ही प्रत्येक केबिनमध्ये फुकट चिकटवतो.

सगळं आमच्या हातात नाही. नव्या कंट्रोलरचं प्रोग्रामिंग किंवा काही कॅलिब्रेशन कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. तिथे मालकाला सरळ सांगतो, डीलरला बोलवा.

फोन करण्याआधी एवढं करा : कोड पुसू नका, बॅटरी काढून घालू नका. डिस्प्लेचा फोटो काढा, त्यात मशीन किती तास चाललंय ते दिसू द्या. मशीन गरम असताना बंद पडलं की थंड, पावसात की धुतल्यावर, हे ऑपरेटरला विचारून कळवा. शक्य तर ऑपरेटरलाच फोनवर द्या, मालकांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.